निंबापाशी द्यायची हाक

माझं माहेर सोलापुरातलं. तिथं लाकूड गाडीनं दारात उतरायचं. ते कुठल्या झाडाचं, कुणी आणलं, असले प्रश्न आम्हाला कधी पडले नाहीत. लग्न होऊन मैंदर्गीकडच्या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की इथं चूल पेटवायची तर आधी बनात जायचं. मला साधं वाळकं लाकूड मोडता येत नाही हे बघून आळीतल्या बायका इतक्या हसल्या, की त्यातल्या एकीला ठसका लागला. मीही काही कमी नव्हते. म्हटलं, मला हिशेब येतो, तुम्हाला येतो का? त्यावर त्या आणखी हसल्या.

मला लाकूड मोडायला शिकवलं ते सासूनं. सासूला आमच्यात अत्ती म्हणतात. अत्ती बुटकी, काटक आणि तोंडानं फटकळ होती. घरात कानडी, दारात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. बाभळीचा फाटा गुडघ्यावर कसा धरायचा, काटे कुठल्या बाजूला ठेवायचे, जोर कधी लावायचा, हे तिनं मला दाखवलं. शिकवताना अर्धा वेळ ती मला नावं ठेवत होती. पण घरी परत येताना माझी मोळी हळूच हलकी करून तिनं त्यातलं लाकूड आपल्या डोक्यावर घेतलं होतं, हे मी बघितलं होतं.

बन म्हणजे बाभळी आणि हिवराचं रान, आमच्या घरामागच्या माळापासून ओढ्यापर्यंत पसरलेलं. ते एका इनामदाराच्या मालकीचं होतं. आत जायला कुणाला विचारावं लागत नसे, पण रीत होती. लाकूड हातानं मोडेल तेवढंच घ्यायचं. कोयता नाही, कुऱ्हाड नाही. शेतावर जायची वाट बनाच्या कडेनं होती, म्हणून गडीमाणसं खांद्यावर कुऱ्हाड असली तर तिच्या पात्याला फडकं गुंडाळूनच तिथून जात. आमच्या घरची कुऱ्हाड खुंटीवर असायची तीसुद्धा फडक्यातच. सासऱ्यांनी ते फडकं काढलेलं मी कधी बघितलं नव्हतं. शेतात गेल्यावर काढत असतील.

दुसरी रीत हाकेची. बनाच्या तोंडाशी एक जुना निंब होता. तिथं थांबून बायकांनी हाक द्यायची, ‘बंदेवोऽ’, म्हणजे आम्ही आलो. आत जो कोणी असेल, बायका असोत, गुराखी असो नाही तर राखणदार, त्यानं ओ द्यायची, ‘बर्रीऽ’, म्हणजे या. ओ आली की आत शिरायचं. रानडुकरं हाकेनं बाजूला होत, कुणी फांदी पाडत असेल तर तो थांबे, आणि कोण कुठं आहे ते सगळ्यांना कळे. मला पहिल्या दिवशी लाजच वाटली होती. सोलापुरात चांगल्या घरची सून अशी ओरडत नाही. अत्ती म्हणाली, तुझ्या सोलापुरात डुकरं नसतील.

आणि हाक दिली नसताना आतून ओ आली, तर मात्र मागं वळायचं. असं सगळ्या बायका मानत. कुणी न बोलावता ‘या’ म्हणणारं माणूस नसतं, असं त्यांचं म्हणणं. मी हसत असे, पण एकटी कधी गेले नाही.

त्याच बनातून एक वाट ओढ्यापलीकडच्या रुद्रभूमीत जायची. आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात आणि तसंच मातीत ठेवतात. गावातलं कुणी गेलं की त्याला घेऊन लोक निंबापाशी थांबत आणि त्याच्या वतीनं हाक देत. आतून ओ येई. मग पुढं जात. मला ती गोष्ट फार आवडायची. गेलेल्या माणसालाही कुणीतरी या म्हणतंय, असं वाटायचं.

सोलापुरात लष्करी कायदा लागला त्याच सालची ही हकीकत. माझे यजमान तिथं गिरणीत कामाला होते. ते गावी आले की हळू आवाजात बोलत, आणि त्यांच्यामुळं आम्हीही घरातल्या घरात हळू बोलायला लागलो. खाकी कपडा दिसला की पोरं दारामागं जात. त्याच साली ठिकठिकाणी लोक सरकारी जंगलात शिरून गवत कापत होते आणि हौसेनं तुरुंगात जात होते, असं ते सांगत. आमच्या गावातही त्याची चर्चा व्हायची. पण आमचं बन सरकारी नव्हतं. त्याच्यासाठी कुणी गांधीटोपी घालून आलं नाही.

दसऱ्यानंतर दवंडी पिटली. इनामदारानं बन सोलापूरच्या एका व्यापाऱ्याला विकलं होतं. नव्या मालकाचा कारभारी चावडीपुढं उभा राहून सांगत होता, की आजपासून बनात गुरं सोडायची नाहीत, लाकूड उचलायचं नाही, शेंगा वेचायच्या नाहीत. आतली वाट बंद. मयत न्यायचं असेल तर आधी मालकाचा हुकूम आणायचा, नाही तर ओढ्याला वळसा घालून खालच्या अंगानं जायचं. सगळे पुरुष जमिनीकडं बघत होते. बायकांच्या बाजूनं अत्तीचा आवाज आला.

“मेलेल्यालाबी हुकूम लागतो काय?”

कारभारी चिडला नाही. हसला. “मालकीच्या जागेतनं जायचं तर लागतो, बाई,” म्हणाला. मला त्याच्या चिडण्यापेक्षा त्या हसण्याची भीती वाटली.

मग बनाभोवती काटेरी तार आली. निंबापाशी लाकडी फाटक आलं. जुना राखणदार मात्र तोच राहिला. तो आमच्याच गावचा, घरी खाणारी तोंडं पुष्कळ. त्याला खाकी कोट मिळाला, दोन माणसं मावतील एवढा. त्या कोटात तो आमच्याशी बोलेनासा झाला. आम्ही निंबाकडं बघत घरामागं भांडी घासत असू, आणि तो फाटकाआड उभा राहून आमच्याकडं बघे. हाका बंद झाल्या. तोपर्यंत मला कळलं नव्हतं, की त्या हाकांवरच मी दिवस मोजत होते. आता सकाळ कुठं संपते आणि दुपार कुठं लागते ते समजेना.

थंडी वाढली आणि त्यातच नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बारीक, निळसर, रडतानाही दमणारी. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी हवी, ओवा-शेपाची धुरी हवी. चराई बंद झाल्यापासून दुभतं सगळं पाहुण्यांकडं पाठवलेलं. राहिलेल्या बैलांच्या शेणाच्या गोवऱ्या चुलीलाच पुरेनात. शिवाय गोवरीच्या धुरानं ती पोर घुसमटायची. अत्तीला बाभळीचे निखारे हवे होते, बिनधुराचे, रात्रभर टिकणारे. ती पोरीच्या तळपायाला हात लावून बघायची आणि उठायची. एका सकाळी ते तळपाय इतके गार होते, की मीच रडायला लागले.

सासरे म्हणाले, बाजारात लाकूड मिळतं का बघतो. ते शांत माणूस, कधी कुणाशी वाकडं बोलले नाहीत. बाजारातून ओल्या लाकडाचा एक भारा घेऊन आले. तो जळण्यापेक्षा रडलाच जास्त. तेव्हा अत्तीनं ठरवलं. आळीतल्या बायका तयारच होत्या. त्यांच्याही चुली थंड होत होत्या.

राखणदाराला आमचा बेत कसा कळला ते ठाऊक नाही. गावात काय लपतं? एका संध्याकाळी तो कोट न घालता आमच्या ओसरीवर आला. सासऱ्यांनी पान दिलं, ते त्यानं हातातच ठेवलं. त्यानं सांगितलं, की डुकरांसाठी लोखंडी सापळे आले आहेत, दातेरी, आणि ओढ्याच्या अंगाला मांडले आहेत. बायकांनी यायचंच असलं तर माळाच्या कडेनं तारेखालून यावं, दुपारी, कारभारी जेवून झोपतो तेव्हा. ओढ्याकडं मात्र फिरकू नये.

अत्ती म्हणाली, “मग हाक दिऊन येतो की. तू ओ दे. कुटं सापळा हाय, कुटं न्हाय, तिथनंच सांग.”

“हाक दिऊ नगा, अक्का,” तो म्हणाला. “हाक ऐकली की कारभारी मलाच धरून आणाय लावंल. मुक्यानं या, मुक्यानं जावा.”

तो चांगल्यासाठीच बोलला. पण बनात मुक्यानं जायचं, हे त्या गावात आजवर कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही गेलो. तारेखालून सरपटत, लुगड्याचे ओचे खोचून. ज्या बनात आम्ही मोठमोठ्यानं सासवांच्या चहाड्या केल्या होत्या, त्या बनात आता श्वासाचा आवाजही मोठा वाटत होता. लाकूड मोडलं की कडकन वाजायचं, म्हणून प्रत्येकीनं पदराचा बोळा करून त्यात लाकूड धरायचं आणि दाबून मोडायचं. अशानं हातात काटे जायचे. कुणी हाय करायचं नाही. माझ्या डोक्यात एकच विचार, की आपण चोर झालो. कालपर्यंत जे आपलं होतं तेच आज उचलतोय, आणि तरी चोरासारखी छाती धडधडतेय. त्या हसऱ्या कारभाऱ्याचा मला इतका संताप आला, की भीती काही काळ विसरले.

असं आम्ही काही वेळा गेलो. शेगडी पेटली. पोरीचे पाय ऊबदार झाले, ती दूध ओढायला लागली. नणंद हसायला लागली. पण माळाच्या कडेचं वाळकं लाकूड आमच्यासारख्या घाईच्या हातांनी लवकरच संपलं. मोळीत काटक्याच यायला लागल्या. काटक्यांचे निखारे होत नाहीत.

त्या दिवशी अत्ती आमच्यापासून जरा लांब सरकली. मी तिला खुणेनं विचारलं, कुठं? तिनं हातानं दाखवलं, जरा पुढं. तिकडं ओढ्याचं अंग होतं. मला हाक मारायची होती. हाक मारायची नव्हती ना. मी हातातलं लाकूड मोडायला घेतलं.

लोखंडाचा आवाज आला. एकदाच, कोरडा. मागं किंकाळी नाही, काही नाही. पाखरं उडाली आणि परत बसली. आम्ही सगळ्या जिथल्या तिथं उभ्या. कुणाला वाटलं कारभाऱ्यानं बंदुकीचा घोडा ओढला, कुणाला वाटलं फाटक वाजलं. आणि मग ओढ्याकडून, झाडांच्या आतून, बाप्याच्या आवाजात हळूच आलं, “बर्रीऽ.”

आमच्यापैकी कुणीही हाक दिली नव्हती.

थोड्या वेळानं परत, “बर्रीऽ. बर्रीऽ.” आर्जव केल्यासारखं. त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला तो आज लिहितानाही येतो. बायका पळाल्या. मोळ्या टाकून, चुंबळी टाकून, तारेत लुगडी फाडून पळाल्या. मीही तारेपर्यंत गेले. तिथं बघितलं तर अत्ती कुठंच नव्हती. मग माझ्या मनातलं भूत गेलं आणि दुसरीच भीती शिरली. मी आवाजाच्या दिशेनं माघारी धावले.

तो राखणदार होता. जेवायला बसला असताना त्यानं लोखंड वाजलेलं ऐकलं होतं. तो सापळ्याच्या एका बाजूवर गुडघे टेकून बसला होता. दुसऱ्या बाजूवर दाब द्यायला कुणी नव्हतं, आणि एकट्यानं ते तोंड उघडत नव्हतं. बाई अडकली म्हणून ओरडावं तर कारभारी येणार. आमच्या नावानं हाका माराव्यात तर आमची नावं फुटणार. म्हणून त्यानं आपल्याला ठाऊक असलेला भल्या माणसाचा शब्द वापरला. या, म्हणाला. आणि नेमक्या त्याच शब्दाला आम्ही पळालो.

अत्ती बाभळीच्या बुंध्याला धरून बसली होती. पदराचा बोळा तिनं तोंडात कोंबला होता. ती ओरडली असती तर आम्ही सगळ्या सापडलो असतो, म्हणून ओरडली नव्हती.

“त्या बाजूवर हुबी ऱ्हा, पोरी,” राखणदार म्हणाला. मी उभी राहिले. तोंड उघडलं. पायाकडं मी बघितलं नाही. अत्तीनं तोंडातला बोळा काढला.

“बाकीच्या गेल्या काय?”

गेल्या म्हटलं. तिनं मान हलवली आणि मगच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानं तिला पाठुंगळी घेऊन तारेपर्यंत आणलं. तिन्हीसांजेला कोट न घालताच आमच्या दारात आला, तिची मोळी खांद्यावर घेऊन. “हातानं मोडलेलं हाय. तिचंच हाय,” एवढं म्हणून मोळी टेकवली आणि गेला. चांगली जाड, वाळकी बाभळ होती. ती सापळ्याजवळच मिळाली होती, कारण तिथं कुणी गेलंच नव्हतं.

पायावर हळद-तेल बांधलं, निंबाचा पाला बांधला. सासरे बैलगाडी जुंपायला निघाले. म्हणाले, सोलापूरच्या दवाखान्यात नेऊ. अत्ती ऐकेना. दवाखान्यात इचारत्यात, म्हणाली, सापळा कुटं लागला, तू तितं काय करत हुतीस, संगं कोण हुतं. त्या दिवसांत सोलापुरात कुणी काही विचारलं की त्याचं पुढं काय होईल ते सांगता येत नसे. सासऱ्यांनी बैल सोडले. त्यांचं चुकलं असं मी कधी म्हणणार नाही. ज्यांनी आमच्या बाईला जखम दाखवायची लाज वाटायला लावली, त्यांचं चुकलं.

पहिले काही दिवस ती बरी होती. बाळंतिणीच्या शेजारीच तिचं अंथरूण. शेगडीची ऊब दोघींना मिळायची. नातीला पोटाशी घेऊन पडायची आणि माझी थट्टा करायची, की सोलापूरची बाई भुताच्या मागं धावत गेली. एकदा पाय हलवून बघितला आणि हसून म्हणाली, “ह्या पायानं काय वळसा हुनार न्हाय बाई. मला वाटंनंच न्या.” नणंद रडायला लागली. अत्ती तिलाच रागावली.

मग तिला घास चावता येईना. मान आखडली. दातखीळ बसली. धनुर्वात, असं जाणते म्हणाले. चमच्यानं दूध घालायला गेलो तर दात उघडत नव्हते. डोळे मात्र उघडे, सगळं कळत असलेले. ती माझ्याकडं बघायची आणि मला वाटायचं, काहीतरी सांगायचंय. एवढी फटकळ बाई, आणि शेवटी तिला शब्द काढता आला नाही. हे मला अजून सोसत नाही.

यजमान आले. तिला बसवलं, विभूती लावली, फुलं घातली. सगळा गाव निघाला. मालकाचा हुकूम आणायला कुणी गेलं नव्हतं. तिच्यासाठी हुकूम मागायचा, हे कुणाच्या जिभेवरच येईना.

फाटक बंद होतं. आत कारभारी उभा होता आणि त्याच्या मागं कोट घालून राखणदार. लोक निंबापाशी थांबले. आजवर हाक बायकाच देत आल्या होत्या, पण आमच्यापैकी कुणाच्या गळ्यातून आवाज फुटेना. तेव्हा सासरे पुढं झाले. त्या माणसाचा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. फाटकाला हात लावून त्यांनी हाक दिली.

“बंदेवोऽ.”

सगळे राखणदाराकडं बघत होते. त्याचे ओठ हलले असं मला वाटलं. फक्त एक शब्द हवा होता. तो त्यानं दिला असता तर त्याचं सगळं मी माफ केलं असतं, तो कोटसुद्धा. सासऱ्यांनी परत हाक दिली. बनातून काही आलं नाही. कारभारी म्हणाला, हुकूम असल्याशिवाय फाटक उघडणार नाही, मालकाची जागा आहे, माझा नाइलाज आहे. या वेळी तो हसला नाही.

आम्ही तिला वळसा घालून नेलं. ओढ्याच्या खालच्या अंगानं, दगडधोंड्यांतून, तारेच्या कडेकडेनं. खांदेकऱ्यांचे पाय घसरत होते आणि बसवलेली अत्ती हलत होती. तारेपलीकडं ती वाट सरळ, रिकामी पडली होती.

घरी आलो तेव्हा शेगडीत तिच्या मोळीतलं शेवटचं लाकूड होतं. सकाळपर्यंत त्याची राख झाली. मी पोरीच्या तळपायाला हात लावला. गार होते. सासरे दारातून बघत होते.

ते उठले. खुंटीवरची कुऱ्हाड काढली. पात्यावरचं फडकं सोडलं, नीट घडी करून खुंटीखाली ठेवलं. मी घरामागं जाऊन बघत राहिले. माळ ओलांडून ते निंबाजवळ पोचले आणि न थांबता तारेकडं वळले. त्यांनी हाक दिली नाही.

त्यानंतर गावात कुणीच दिली नाही. एकेक करून सगळ्या घरांतली फडकी सुटली. दोन-तीन हिवाळ्यांत माळाकडून बन इतकं विरळ झालं, की आमच्या घरामागून ओढ्यापलीकडची रुद्रभूमी दिसायला लागली.